वर्डकॅम्पला पहिल्यांदा येताय? कॉन्ट्रिब्युटर डेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डकॅम्पची तारीख जाहीर झाली की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. विचारणारे वेगवेगळे असतात. कधी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, कधी इचलकरंजीत दुकानदारांच्या वेबसाइट बनवून देणारा तरुण, कधी शाळेची साइट एकहाती सांभाळणारे निवृत्त गुरुजी. प्रश्नामागची शंका मात्र एकच असते, "तिथे माझं काय काम?" म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली. कॉन्ट्रिब्युटर डे म्हणजे वर्डकॅम्पचा तो दिवस, जेव्हा सगळे गटागटाने टेबलांभोवती बसून वर्डप्रेसचं प्रत्यक्ष काम करतात. मी स्वतः मराठी भाषांतराच्या टेबलावर बसते, त्यामुळे त्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय. तिथेच माणसं सगळ्यात कमी पडतात.

वर्डकॅम्प म्हणजे नेमकं काय?

वर्डप्रेस वापरणाऱ्यांचं आणि ते घडवणाऱ्यांचं संमेलन. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं, पण शून्यातून नाही. बी-टू नावाचं आधीचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याचं काम थंडावलं होतं. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे कोड कुणालाही वापरू-बदलू देणारा, असल्यामुळे तो कोड उचलून पुढे न्यायला या दोघांना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींमधल्या दोन तरी वर्डप्रेसवर चालतात. तुमच्या-माझ्यासारखे लोक या कामात हात घालू शकतात, ते याच परवान्यामुळे.

पहिला वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर इथे वर्डकॅम्प भरलेले आहेत. आशिया खंडाचा मोठा मेळावा म्हणजे वर्डकॅम्प आशिया. तो २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता आणि कोरोनामुळे रद्द झाला. मग २०२३ मध्ये बँकॉक, २०२४ मध्ये तैपेई, २०२५ मध्ये मनिला, आणि २०२६ साठी ९ ते ११ एप्रिल या तारखांना आपली मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर.

तिकीट महाग असतं का?

नाही. दर मुद्दाम कमी ठेवतात आणि बाकीचा खर्च प्रायोजकांच्या पैशातून निघतो. आयोजक स्वयंसेवक असतात, वक्त्यांनाही मानधन नसतं. तिकिटात दुपारचं जेवण आणि चहा सहसा धरलेला असतो. तिकिटं लवकर संपतात, तेवढं मात्र लक्षात ठेवा. आणि कॉन्ट्रिब्युटर डेची नोंदणी वेगळी करावी लागते का, ते तिकीट काढतानाच नीट वाचा. भाषणांच्या दिवसाचं तिकीट आहे पण कॉन्ट्रिब्युटर डेला नाव नाही, असे हिरमुसलेले चेहरे मी दारात पाहिलेत.

कॉन्ट्रिब्युटर डे आणि भाषणांचा दिवस, एकच जमणार असेल तर कुठला निवडू?

कॉन्ट्रिब्युटर डे. डोळे झाकून. भाषणांचं चित्रीकरण होतं आणि ते बहुतेक वेळा वर्डप्रेस टीव्हीवर येतं. घरी बसून, हवं तिथे थांबवून बघता येतं. ज्या माणसाने एखादा भाग स्वतः लिहिलाय त्याच्या शेजारची खुर्ची मात्र घरी मिळत नाही. वर्डकॅम्प आशियात हा दिवस पहिलाच असतो, त्यामुळे पुढचे दोन दिवस तुम्ही ओळखीच्या माणसांत फिरता. बाकीच्या वर्डकॅम्पांत तो शेवटी किंवा आधी कुठेही असू शकतो, आणि लहान गावातल्या कॅम्पात कधी कधी नसतोही.

मला कोडिंग येत नाही. मी येऊन काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजातला संकोच ऐकून दर वेळी वाईट वाटतं. दालनात गोल टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर एका गटाची पाटी. कोअर म्हणजे मूळ कोड, ही त्यातली एक पाटी. बाकी भाषांतर, दस्तऐवज, प्रशिक्षण, चाचणी, मदत, डिझाइन, सुलभता, समुदाय, फोटो. यातल्या निम्म्याहून जास्त टेबलांवर कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही.

फोटोंचंच घ्या. वर्डप्रेसची स्वतःची एक मोफत छायाचित्रांची पेढी आहे. फोटो तुम्ही स्वतः काढलेला हवा, एआयने बनवलेला नको, ओळखू येईल असा माणसाचा चेहरा त्यात नको, आणि तो सीसी झिरो परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणजे कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, तुमचं नाव न देता तो वापरू शकतो. हे पटत असेल तरच द्या. पटलं तर तुमच्या फोनमध्ये पडून असलेला भातखाचरांचा, कोल्हापूरच्या गुऱ्हाळाचा, पावसातल्या लाल डब्याच्या एसटीचा फोटो उद्या कुणाच्या तरी वेबसाइटवर असेल.

शाळेची साइट सांभाळणारे जे गुरुजी म्हटले, ते मदतीच्या टेबलावर बसले. लोकांनी विचारलेले, उत्तर न मिळालेले प्रश्न त्या दिवशी तिथे उघडून ठेवलेले होते. "पान दिसत नाही, चारशेचार येतंय" हा प्रश्न त्यांनी आपल्या शाळेत दहा वेळा सोडवलेला होता. सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता नुसतं सेव्ह करा, हे त्यांनी लिहिलं, आणि अर्ध्या तासात समोरून आभार आले.

येण्याआधी घरून काय तयारी करून यायचं?

हा भाग कृपया खरंच करून या. दालनात शंभर-दीडशे माणसं एकाच वायफायवर असतात, आणि सकाळचा पहिला तास खाती उघडण्यात गेला की उत्साह ओसरतो.

आधी वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खातं उघडा. लक्षात घ्या, डॉट कॉमवर नाही, ती वेगळी सेवा आहे. सदस्यनाव विचार करून घ्या, ते बदलता येत नाही आणि पुढे तुमचं सगळं काम त्याच नावाखाली दिसतं.

मग वर्डप्रेसचा स्लॅक, म्हणजे गटांच्या गप्पांचं ॲप. गटांचं सगळं बोलणं तिथे चालतं. नवे लोक हमखास अडखळतात ते इथे. स्लॅकमध्ये नाव नोंदवताना आपला नेहमीचा जीमेलचा पत्ता चालत नाही. तुमच्या सदस्यनावापुढे ॲट द रेट आणि मग चॅट डॉट वर्डप्रेस डॉट ऑर्ग, असा पत्ता टाकायचा. त्यावर आलेला मेल तुमच्या खात्याला जोडलेल्या नेहमीच्या इनबॉक्सातच पोचतो.

लॅपटॉप, चार्जर, आणि शक्य असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्ड घेऊन आलेल्या माणसाला टेबलावर लगेच चार मित्र मिळतात. भाषांतर करणार असाल तर देवनागरी कीबोर्ड आधीच बसवून, थोडा हात बसवून या. कोअरवर काम करायचं असेल तर गिट, नोड आणि डॉकर ही कोडिंगची साधनं घरच्या इंटरनेटवर उतरवून, एकदा चालवून बघा. डॉकरच्या फाइली भल्यामोठ्या असतात, दालनातल्या वायफायवर त्या दुपारच्या जेवणापर्यंत उतरत नाहीत.

लॅपटॉप नसेल तर?

या. शेजारच्याबरोबर बसा. दोघांनी मिळून केलेलं भाषांतर एकट्याच्या भाषांतरापेक्षा मला नेहमी चांगलं वाटलंय, कारण वाक्य मोठ्याने वाचलं जातं.

मराठीच्या टेबलावर नेमकं काय चालतं?

वर्डप्रेसच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ, म्हणजे बटणावरचा शब्द, चूक झाल्याची सूचना, मेलचा मजकूर, एका मोठ्या तक्त्यात असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठीची जागा. या साधनाचं नाव ग्लॉटप्रेस. वर्डप्रेस डॉट ऑर्गचं खातं असलेला कुणीही तिथे मराठी ओळ सुचवू शकतो. सुचवलेली ओळ प्रतीक्षेत राहते, मराठीचे संपादक ती तपासतात, मान्य करतात किंवा बदल सुचवतात. प्लगइन (साइटला जास्तीची सोय देणारी जोडणी) आणि थीम (साइटचं रूप) यांचंही तसंच. एखाद्या प्लगइनच्या नव्वद टक्के ओळी मराठीत मान्य झाल्या की त्याचं भाषापॅक आपोआप तयार होतं आणि मराठी ठेवलेल्या प्रत्येक साइटवर पोचतं. साताऱ्यातली एखादी दूध संस्था तिच्या साइटवर ते प्लगइन वापरत असेल, तर तिथल्या क्लार्कला पुढच्या अपडेटनंतर बटणं मराठीत दिसतात. त्यासाठी त्याला काहीही करावं लागत नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण बसल्यावर कळतं की मराठी व्याकरण किती बारीक आहे. दोन-तीन गोष्टी दाखवते.

इंग्रजी ओळींत रिकाम्या जागा सोडलेल्या असतात. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी एस, अशी ती खूण दिसते. साइट चालू असताना त्या जागी नाव किंवा शीर्षक येऊन बसतं. ताज्या प्रतिक्रियांच्या यादीत अशी एक ओळ आहे. इंग्रजीत आधी माणसाचं नाव, मग "ऑन", मग लेखाचं शीर्षक. मराठीत हा क्रम उलटा. खुणांना एक-दोन असे क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे क्रम फिरवता येतो. तिथपर्यंत ठीक. पण "वर" कशाला जोडणार? आपल्याकडे प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं. "घर" चं "घरावर", "शाळा" चं "शाळेवर", "पाणी" चं "पाण्यावर". त्या रिकाम्या जागेत उद्या कुठला शब्द येणार, हे आपल्याला माहीतच नाही, आणि यंत्र सामान्यरूप करत नाही. "आमची शाळावर सविता" असं काहीतरी पडद्यावर येतं. उपाय म्हणजे मध्ये एक आधाराचा शब्द घालायचा. "'आमची शाळा' या लेखावर सविता यांची प्रतिक्रिया." आता प्रत्यय "लेख" ला लागतो आणि शीर्षक काहीही असलं तरी वाक्य मोडत नाही. ही युक्ती मला एका कॉन्ट्रिब्युटर डेला शेजारी बसलेल्या बाईंनी कागदावर लिहून दाखवली होती. तो कागद अजून माझ्या लॅपटॉपच्या पिशवीत आहे.

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीत "डिलिटेड" सगळ्यांना चालतं. मराठीत लेख हटवला, नोंद हटवली, पान हटवलं. जागेत काय येणार ते ठाऊक नसेल तर वाक्याचा सांधाच बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट, एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ. "ऑर्डर" म्हणजे यादीतला क्रम, की दुकानात ग्राहकाने दिलेली ऑर्डर? "होम" म्हणजे घर नव्हे, मुखपृष्ठ. "पोस्ट" हे नाम आहे की "प्रसिद्ध करा" असं सांगणारं क्रियापद? प्रत्येक ओळीखाली ती कोडमध्ये कुठे वापरली आहे त्याचा दुवा असतो, कधी संदर्भाची टीपही असते. ती उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओळी कमी झाल्या तरी चालतील.

आणि वचन. मराठीला एकवचन-अनेकवचन अशा दोन चौकटी येतात. "एक प्रतिक्रिया, पाच प्रतिक्रिया" असा शब्द दोन्हीकडे सारखाच असला तरी दोन्ही चौकटी भरायच्या. एक रिकामी राहिली की ओळ अपुरी.

शुद्ध मराठी शब्द वापरायचे की रोजच्या तोंडातले?

यावर टेबलावर वाद होतात आणि व्हायलाच हवेत. माझं मत असं, की दूध संस्थेच्या क्लार्कला बटण बघून क्षणभरही थांबावं लागू नये. "पासवर्ड" सगळ्यांना कळतो, तिथे "परवलीचा शब्द" नको. उलट "ड्राफ्ट" ला "मसुदा" हवा, कारण ग्रामपंचायतीच्या ठरावापासून वकिलाच्या नोटिशीपर्यंत हा शब्द घरोघर पोचलेला आहे. आत शिरल्यावर वर कोपऱ्यात "हाउडी" असं अमेरिकी खेड्यातलं अभिवादन येतं, त्याला "नमस्कार" इतकं चपखल दुसरं काही मला सुचत नाही. संबोधन "तुम्ही", कायम.

शेवटी निर्णय शब्दसूचीचा. प्रत्येक भाषेची एक सामायिक शब्दसूची असते आणि तिच्यातला शब्द आवडला नाही तरी तोच वापरायचा. बदलावासा वाटला तर गटात मांडा, सगळ्यांनी मान्य केला की सगळीकडे एकदम बदलू.

टंकनाबद्दलही एक कळकळीची विनंती. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, आणि "ॲप" मधला ॲ सुद्धा. एक अखंड अक्षर आहे, तर दुसरीकडे कुणी अ वर चंद्र देतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि शोधात एक सापडतो तर दुसरा नाही. सुरुवातीलाच शेजारच्याला विचारा, गटात कुठली पद्धत ठरली आहे.

गूगल ट्रान्सलेट किंवा एआयने भराभर करून टाकलं तर?

तसंच चिकटवलेलं चालत नाही, संपादक ते ओळखतात आणि नाकारतात. सूचना म्हणून बघायला हरकत नाही, पण प्रत्येक ओळ तुम्ही वाचलेली, पटलेली हवी. वर सामान्यरूपाचं सांगितलं, यंत्र नेमकं तिथेच घसरतं. आणि पाचशे कच्च्या ओळी तपासायला संपादकाची जी संध्याकाळ जाते, ती ज्यांनी मनापासून वीस ओळी केल्या त्यांच्या वाट्याची असते.

माझं काम नाकारलं गेलं तर?

माझं गेलं होतं. पहिल्या दिवशी मी साठेक ओळी केल्या, दुपारी जेवणाआधी त्यातल्या बहुतेक लाल झालेल्या दिसल्या. घसा दाटून आला. संपादक त्याच दालनात होते, ते उठून माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी माझ्या तीन ओळी एकाखाली एक ठेवल्या. मेनूत मी "प्रतिक्रिया" लिहिलं होतं, सूचनेत "टिप्पणी", आणि मेलमध्ये "अभिप्राय". "वापरणाऱ्याला वाटेल या तीन वेगळ्या सोयी आहेत," एवढंच ते म्हणाले. शब्दसूची मी उघडलीच नव्हती. जेवणानंतरचा वेळ आम्ही दोघांनी मिळून त्या साठ ओळी सारख्या केल्या आणि त्याच दिवशी त्या मान्य झाल्या.

नाकारलं जाणं हा त्या ओळीवरचा शेरा असतो. कारण लिहिलेलं नसेल तर विचारा. विचारलेलं कुणालाही खटकत नाही.

मला कोडच करायचा आहे. सुरुवात कुठून?

चाचणीपासून. नवीन माणसाला थेट नवा बग सोडवायचा असतो आणि मोठ्या कोडमध्ये तो पहिल्याच दिवशी हरवतो. त्यापेक्षा ट्रॅकवर, म्हणजे वर्डप्रेसच्या तक्रारवहीत, ज्या तिकिटाला (नोंदवलेल्या तक्रारीला इथे तिकीट म्हणतात) उपाय जोडलेला आहे पण चाचणी व्हायची आहे असं एक शोधा. तशी खूण तिकिटावर असते. मूळ दोष आपल्या यंत्रावर दिसतो का ते बघायचं, मग उपाय लावून पुन्हा बघायचं. पीएचपीची आवृत्ती, ब्राउझर, थीम, काय केलं, काय दिसलं, आणि आधी-नंतरचा स्क्रीनशॉट. हे नीट लिहिलं की झाला अहवाल. काही उपाय वर्डप्रेस प्लेग्राउंडमध्ये थेट ब्राउझरमध्येच चालवून बघता येतात, काहीही न बसवता.

अशा चार-पाच चाचण्या झाल्या की कोडची रचना डोक्यात बसायला लागते. मग "पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी चांगला बग" अशी खूण केलेली तिकिटं बघा. बदल स्वीकारला गेला की नोंदीत प्रॉप्स, म्हणजे श्रेय, म्हणून तुमचं सदस्यनाव येतं. चाचणी करणाऱ्यांचंही येतं, फक्त कोड लिहिणाऱ्यांचं नाही. नवी आवृत्ती आली की तिच्या श्रेयाच्या पानावर शेकडो नावांत तुमचंही असतं. आमच्यातल्या एका मुलाने ते पान आईला दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तिने बोट फिरवत "यातलं तुझं कुठलं?" विचारलं.

तिथे सगळं इंग्रजीत बोलतात का?

महाराष्ट्रातल्या कॅम्पात टेबलावर मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळ चालते. स्लॅकवरचं आणि तिकिटांवरचं लिहिणं इंग्रजीत असतं, पण ते साधं असतं. जगभरातल्या कितीतरी लोकांची ती दुसरी नाहीतर तिसरी भाषा आहे. छोटी वाक्यं लिहा, स्क्रीनशॉट जोडा, पुरतं.

मी एकटी येतेय, कुणाची ओळख नाही. अवघडल्यासारखं होईल का?

पहिली पंधरा मिनिटं होईल. दारात आयोजकांपैकी कुणीतरी असतं, त्यांना सरळ सांगा की पहिलीच वेळ आहे. ते हाताला धरून टेबलापाशी नेतात. प्रत्येक टेबलाला एक प्रमुख असतो, त्याचं त्या दिवशीचं मुख्य काम नवीन माणसाला बसतं करणं हेच आहे.

जुन्यांसाठीही एक नियम सांगते, एरिक होल्शर या सॉफ्टवेअर विकासकाने लोकप्रिय केलेला. घोळक्यात उभं राहून बोलताना एका माणसाची जागा नेहमी मोकळी ठेवायची, जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. कुणी येऊन उभं राहिलं की सरकून पुन्हा जागा करायची.

प्रत्येक वर्डकॅम्पची आचारसंहिता जाहीर असते. कुणाचं बोलणं-वागणं त्रासदायक वाटलं तर आयोजकांना लगेच सांगा, "एवढंसंच तर होतं" म्हणून गिळू नका.

टी-शर्ट मिळतो का?

बहुधा मिळतो. आणि वापू म्हणजे वर्डप्रेसची शुभंकर असलेली ती पिवळी गोल बाहुली. तिचं चित्र २०११ मध्ये जपानमध्ये काझुको कानेउची यांनी काढलं, आणि आता गावोगावचे कॅम्प तिला आपापला वेश चढवतात. तिचे स्टिकर मिळतातच.

याचे पैसे मिळतात का? नोकरीला उपयोग होतो?

पैसे नाहीत. हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. पण वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या तुमच्या पानावर केलेल्या कामाची नोंद आणि गटांचे बिल्ले दिसतात, ते कुणालाही तपासता येतं. कॉलेजच्या मुलांना मुलाखतीत याचा उपयोग झालेला मी पाहिलाय, कारण "टीमवर्क येतं" असं म्हणण्याऐवजी त्यांना एखादं तिकीट उघडून दाखवता येतं. केवळ बिल्ल्यासाठी आलेली माणसं मात्र दुसऱ्या महिन्यात दिसेनाशी होतात.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा उपक्रमही आहे, वर्डप्रेस कॅम्पस कनेक्ट. तो २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या प्रयागराजहून सुरू झाला. तुमच्या कॉलेजात हवा असेल तर जवळच्या मीटअपच्या (वर्डप्रेसवाल्यांच्या स्थानिक भेटीच्या) आयोजकांशी बोला.

ऑफिस सुटी देईल का?

तुमची कंपनी वर्डप्रेसवर पोट भरत असेल तर मागायला संकोचू नका. मॅट मुलेनवेग यांनी २०१४ मध्ये "फाइव्ह फॉर द फ्युचर" ही कल्पना मांडली. वर्डप्रेसवर वाढलेल्या संस्थांनी आपल्या बळाचा पाच टक्के भाग वर्डप्रेसच्या कामाला द्यावा, अशी ती आहे. भारतातल्याही काही कंपन्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी कामाच्या वेळेतले तास देतात. साहेबांना सांगताना ज्या प्लगइनवर तुमचे ग्राहक अवलंबून आहेत त्याचंच काम करून येतो, असं सांगा. लगेच पटतं.

वर्डकॅम्प लांब आहे, प्रवास परवडणार नाही. मग?

गावाजवळचं मीटअप शोधा, ते मोफत असतं. एखाद्या शनिवारी वीस-पंचवीस माणसं, कुणाच्या तरी ऑफिसात किंवा कॉलेजच्या वर्गात. तेही नसेल तरी भाषांतर, चाचणी, मदत, फोटो, यातलं एकही काम वर्डकॅम्पवर अडलेलं नाही. २४ एप्रिल २०१६ ला पहिला जागतिक वर्डप्रेस भाषांतर दिन झाला तेव्हा माणसं आपापल्या गावातून, घरातून बसूनच जोडली गेली होती.

घरी परतल्यावर सोमवारी काय करू?

कॉन्ट्रिब्युटर डेला हौसेने आलेल्यांपैकी बरेचसे पुन्हा दिसत नाहीत, आणि त्याचं कारण आळस नसतं. दालनात शेजारी माणूस असतो, घरी नसतो. म्हणून निघण्याआधी टेबलावरच्या एका तरी माणसाशी पुढच्या आठवड्याची वेळ ठरवा. गटांच्या स्लॅकवरच्या बैठका यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. पहिल्या दोन-तीन बैठकांना नुसतं वाचत बसलं तरी चालतं.

आणि मराठीसाठी काम करणार असाल तर सोमवारी सकाळी एवढं करा. स्वतःच्या साइटवर सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा बसवून घ्या. साइट इंग्रजीच ठेवायची असेल तर नंतर आपल्या प्रोफाइलमध्ये फक्त स्वतःपुरती मराठी निवडता येते. मग नेहमीचं काम करा, लेख टाका, फोटो चढवा, प्रतिक्रिया तपासा. कुठेतरी एखादं बटण इंग्रजीच राहिलेलं दिसेल, कुठे प्रत्यय चुकलेला असेल, कुठे शब्द कानाला लागेल. त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि स्लॅकवर मला पाठवा. पुढच्या रविवारी आपण दोघं तिथूनच सुरू करू.